दुसरी गाठ

बारक्यानं तोंडाशी नेलेला घास परत ताटात ठेवला आणि ताईनं ओळखलं, आता भांडण, कारण लहानपणापासून हा मुलगा भांडणाआधी नेमकं हेच करायचा.

"फोटोग्राफरचं घर," तो म्हणाला, "आणि घरात फोटोग्राफरचाच फोटो नाही. रविवारी मी त्या दारात काय लावू? रिकामी चौकट?"

आता बारक्या म्हणजे कोणी बारका पोरगा नव्हे हं. दारातून आत येताना वाकावं लागतं एवढा उंच, स्वतः बाप झालेला, आणि लांबच्या मोठ्या शहरात त्याचं एवढं नाव की मासिकांच्या मुखपृष्ठांवर त्याचे फोटो झळकतात. पण घरात तो बारक्या तो बारक्याच, आणि त्याची मोठी बहीण ती ताई, म्हणजे इतकी ताई की आईसुद्धा तिला ताईच म्हणायची. खाली बाबांचं फोटोचं आणि कॅमेरा दुरुस्तीचं दुकान, वर घर. बाबा गेल्यापासून दुकान ताईच चालवत होती, आणि बंद पडलेला कॅमेरा तिच्या हातात दिला की तो जिवंत होऊनच परत जायचा, यात शहरात कुणाचं दुमत नव्हतं. फोटोग्राफर मंडळींनी नवा हॉल बांधला होता, त्याला रविवारी बाबांचं नाव द्यायचं ठरलं होतं, दारात त्यांचा मोठा फोटो हवा होता, आणि म्हणून बारक्या आला होता. आणि फोटोच नव्हता! कुणी कॅमेरा रोखला की बाबा डावा हात आडवा करायचे. घरात त्यांचे म्हणून जे काही फोटो होते त्या सगळ्यांत एक तळहात होता... तरुण तळहात, मध्यमवयीन तळहात, म्हातारा तळहात.

"एक होता की," आई म्हणाली. "ताईनं काढलेला. हे दुकानाच्या पायरीवर चहा पीत होते. हात आडवा करायच्या आत हिनं टिपला, म्हणून किती हसलो होतो आपण."

"कुठाय मग तो?"

"ताईच्या कॅमेऱ्यात."

बारक्या हसला, पण त्या हसण्यात हसू कुठेच नव्हतं.

"ताईच्या कॅमेऱ्यात. म्हणजे बाबा गेल्यावर मला माळ्यावर सापडला होता, त्यात. सेल नाही, खालचं झाकण नाही, हलवला तर आतून खुळखुळतोय. बाबांनी आम्हाला एकसारखे दोन कॅमेरे आणून दिले होते आई, भांडण नको म्हणून. माझा मी अजून जिवापाड जपतो, घरात कुणाला त्याच्यावरची धूळसुद्धा झटकू देत नाही. आणि हिनं आपल्याचे सुटे भाग काढून गिऱ्हाइकांना लावले. परीक्षेलासुद्धा आली नाही, ऐन वेळी घाबरली. बाबांनी किती मनाला लावून घेतलं होतं... शेवटपर्यंत."

 ताईनं आईच्या पेल्यात पाणी ओतलं, ते काठाशी आल्यावर थांबली, इतका तिचा हात स्थिर होता. पण आत... आत अंतःकरणात जे काही इतकी वर्षं दडपून ठेवलेलं होतं ते आज दार ठोठावत होतं, आणि ताई दाराला पाठ लावून उभी होती.

काय झालं होतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

त्या काळी डिजिटल कॅमेरे नुकते आले होते. दोघांनीही फोटोग्राफीच्या नामांकित संस्थेत अर्ज केला होता आणि दोघांनाही परीक्षेला बोलावणं आलं होतं, एकाच दिवशी, एकाच वेळी, आणि अट अशी की ज्याचा त्याचा कॅमेरा हवा, परीक्षकांसमोर फोटो काढायचे. बाबा कामासाठी परगावी गेलेले. आदल्या संध्याकाळी बारक्यानं आपला कॅमेरा चार्जिंगला लावला. आता दुकानात अडॅप्टर ढीगभर, त्यातला एक बाबांनी फ्लॅशसाठी स्वतः जोडून बनवलेला, त्याचे प्लस-मायनस उलटे, म्हणून त्याच्यावर आईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका. ठिपका म्हणजे 'याला हात लावू नका'. बारक्याला वाटलं ठिपका म्हणजे 'हाच तो'! लावला आणि साहेब निवांत झोपून गेले. ताई खाली आली तेव्हा दुकानात जळका वास भरला होता.

तिनं त्याचा कॅमेरा उघडला. बाकी सगळं धडधाकट होतं, फक्त पॉवर बोर्ड, म्हणजे सेलमधली वीज घेऊन ज्याला जेवढी लागते तेवढी वाटून देणारी ती बोटाएवढी पट्टी, काळी ठिक्कर पडली होती. ताईनं आपला कॅमेरा उघडला, आपलं बोर्ड काढलं, त्याच्यात बसवलं. त्याचा सेलही फुगला होता, आपला दिला. त्याचं झाकण ढिलं होतं, आपलं लावलं. आख्खा कॅमेरा उचलून दिला असता तरी चाललं असतं म्हणा, पण बारक्याच्या कॅमेऱ्यावर त्यानं कोरलेलं पाखरू होतं, त्याला लगेच कळलं असतं, आणि कळलं असतं तर तो परीक्षेला गेलाच नसता. सकाळी ताई म्हणाली, "मला नाही यायचं, कंटाळा आला." बारक्या म्हणाला, "घाबरट." आणि गेला. आणि पास झाला.

बाबा परत आले. "का नाही गेलीस?" असं त्यांनी एकदाच विचारलं. ताई गप्प राहिली. पुढे त्यांनी कधी विचारलं नाही, आणि तेच ताईला सगळ्यात जास्त लागलं. जाताना ते आपल्याला भित्री समजून गेले, हे शल्य ती उराशी घेऊन जगत होती, आणि जगत होती म्हणजे ताठ मानेनं, कामात कुठे कमी न पडता.

"तो फोटो गेला, आई," आता ती शांतपणे म्हणाली. "तो काढला तेव्हा आमच्या दोघांत एकच मेमरी कार्ड होतं. बारक्यानं परीक्षेत ते पुसून वापरलं."

"अगं, पण त्या दिवशी कार्ड तुझ्याकडे होतंच कुठे?" आई म्हणाली. "बारक्या सकाळीच घेऊन गेला होता सरावाला. तू केवढा थयथयाट केलास, घर डोक्यावर घेतलंस. आणि मग तसाच काढलास यांचा फोटो."

ताईच्या हातातला तांब्या हवेतच राहिला.

कार्ड नव्हतं! आणि त्या कॅमेऱ्याला कार्ड नसलं की तो मोजके फोटो स्वतःच्या पोटात ठेवतो, हे तिला कुणी सांगायला हवं होतं का? दुसऱ्याच्या कॅमेऱ्याबद्दल असतं तर तिनं झोपेत सांगितलं असतं. पण स्वतःच्या कॅमेऱ्याचं नाव मनातसुद्धा काढायचं नाही असं ठरवून बसलेल्या बाईला ते सुचणार कसं? त्या संध्याकाळनंतर त्या कॅमेऱ्यात वीजच गेली नव्हती. म्हणजे बाबा अजून तिथंच होते... पायरीवर, चहा पीत.

"रविवारपर्यंत फोटो मिळेल," ताई म्हणाली.

"कशावरून?" बारक्यानं विचारलं.

"मी म्हणते म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दुकानाचं शटर अर्धंच उघडलं, माळ्यावरून कॅमेरा काढला, खिडकीजवळच्या खुर्चीत बसली आणि मागचे स्क्रू सोडवले. बोर्डाच्या रिकाम्या जागी हिरवा दोरा होताच.

हा दोरा म्हणजे बाबांच्या दुकानाचा कायदा. एका कॅमेऱ्यातला भाग काढून दुसऱ्याला लावला, तर जिथून काढला तिथं दोरा बांधायचा आणि जिथं लावला तिथंही. रंग ज्याचा त्याचा. बाबांचा पांढरा, ताईचा हिरवा, बारक्याचा निळा. काढणाऱ्यानं एक गाठ मारायची. बाबांनी पाहिलं, त्यांना पटलं, की दुसरी गाठ ते स्वतः मारायचे. दुसरी गाठ म्हणजे 'बघितलं, मान्य आहे'. ताईनं त्या संध्याकाळी डोळे पुसत पुसत सुद्धा कायदा पाळला होता, दोन्हीकडे.

जिन्यावर बारक्याची पावलं वाजली. ताईनं चिमट्यानं दोरा ओढून काढला आणि न बघताच साडीवर घातलेल्या कामाच्या झग्याच्या खिशात कोंबला.

बारक्या गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसला, गुडघे हनुवटीपर्यंत आले. ताई कानशीनं एक लाकडाचा तुकडा घासत होती.

"हे काय?"

"सेल."

"लाकडाचा?"

"याचा सेल आता कुठे मिळत नाही. म्हणून त्याच मापाचा ठोकळा, त्याला दोन पितळी पट्ट्या, पट्ट्यांना वायर, आणि वायर या टेबलावरच्या पॉवर सप्लायला. कॅमेऱ्याला वाटतं आपल्या पोटात सेल आहे."

"म्हणजे फसवायचं."

"समजूत घालायची," ताई म्हणाली. "घरात सगळ्यांची घालतेच, याचीही घालू."

बारक्याला हसू आलं होतं, ते त्यानं खोकल्यात दडवलं. मग ताईनं काडेपेटीतली काडी मोडून कडेच्या एका इवल्याशा खाचेत बसवली. झाकणाला एक दात असतो, तो तिथलं बटण दाबतो, बटण दाबलं नाही तर कॅमेऱ्याला वाटतं दार उघडं आहे आणि तो चालू व्हायला नकार देतो. झाकण नाही, मग काडी. बारक्या नकळत पुढे सरकला. लहानपणी असाच तो तिच्या खांद्यावरून डोकवायचा.

"आता लाव की."

"लावून उपयोग नाही. पॉवर बोर्ड नाही आत."

"कुठे गेलं?"

ताईनं काडी पुन्हा दाबून पाहिली.

"तेही कुणाला तरी लावलंस ना?"

"हो," ताई म्हणाली. "लावलं."

तो ताडकन उठला आणि वर निघून गेला. ताईनं फोन फिरवले, ओळखीच्या सगळ्या कारागिरांना विचारलं, त्या जातीचं बोर्ड कुणाकडे नव्हतं. हातानं बनवता आलं असतं, तिला ती खात्री होती, पण त्याला महिना लागला असता, आणि रविवार काही महिनाभर थांबणार नव्हता. घाईत एखादा आकडा चुकला तर आतली मेमरी जळणार, आणि मग बाबा दुसऱ्यांदा जाणार! ते बोर्ड जगात एकाच ठिकाणी आहे हे तिला पक्कं माहीत होतं... आणि तिथं हात घालायचा नाही, हेही तिचं पक्कं होतं.

दुपारी बारक्या खाली आला. हातात मऊ फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यानं ते टेबलावर ठेवलं, फडकं सोडलं. कोरलेलं पाखरू वर आलं.

"घे. याच्यातलं काढ."

"नको."

"एकसारखेच आहेत ना दोन्ही?"

"तुझा शकुनाचा कॅमेरा आहे तो. राहू दे."

"ताई, मी तुझ्यावर रागावलोय, बाबांवर नाही," बारक्या म्हणाला. "तू नाही काढणार तर मी काढतो." आणि त्यानं बाबांचा स्क्रू ड्रायव्हर उचलला.

"थांब, बारक्या. ऐक माझं. मी दुसरं काहीतरी करते..."

ज्या बाईचा आवाज आयुष्यात कधी कापला नव्हता तिचा आज कापला, आणि त्यानंच बारक्या चमकला. पण स्क्रू निघाले होते. झाकण उचललं गेलं होतं. आत, बोर्डाच्या कडेला, हिरवा दोरा होता.

बारक्यानं स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं दोरा जरा वर उचलला.

"हा तुझा रंग," बारक्या हळू म्हणाला. "माझ्या कॅमेऱ्यात तुझा दोरा काय करतोय?"

ताई खिडकीबाहेर बघत राहिली.

"कधी, ताई?"

"लाल ठिपक्याचा अडॅप्टर लावला होतास तू."

बारक्याचा चेहरा आधी कोरा होता, मग त्याला ती संध्याकाळ आठवली, सकाळी नवंकोरं वाटणारं ते घट्ट झाकण आठवलं, दारात उभी राहून "मला कंटाळा आला" म्हणणारी ताई आठवली... आणि तो एवढा उंच माणूस स्टुलावर असा बसला की जणू कुणीतरी त्याच्यातली वीजच काढून घेतली.

"म्हणजे मी तुझ्या कॅमेऱ्यावर पास झालो."

"पास तू तुझ्या डोळ्यांवर झालास. कॅमेरा काय, कुणाचाही चालतो."

"आणि मी तुला घाबरट म्हणालो... सुटे भाग गिऱ्हाइकांना लावलेस म्हणालो, काल, आईसमोर..." त्यानं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "बोलली का नाहीस गं?"

"बोलले असते तर गेला असतास तू? एक तरी गेलाच पाहिजे होता आपल्यातला."

"मग बाबांना तरी सांगायचं."

"बाबांच्या पोटात काही राहायचं नाही. त्यांनी तुला सांगितलं असतं, आणि तू शिक्षण टाकून परत आला असतास." ताईचे डोळे आता मात्र वाहायला लागले, आणि तिनं ते पुसलेही नाहीत. "मला फक्त एवढंच... ते मला भित्री समजून गेले ना, तेवढंच सलतं. बाकी मला काही नाही, बारक्या. मी मजेत आहे."

"दुसरा दोरा कुठाय?" जिन्यावरून आवाज आला.

आई. कठड्याला धरून ती केव्हापासून तिथं उभी होती कोण जाणे. तिच्या डोळ्यांना आता कमी दिसायचं, पण कान शाबूत होते आणि एवढी वर्षं दुकानाच्या डोक्यावर राहिल्यामुळे दुकानाचा कायदाही पाठ होता.

"दोन दोरे असतात ना? एक याच्यात. दुसरा तुझ्या कॅमेऱ्यात. दे इकडे."

ताईनं खिशातून तो चुरगळलेला हिरवा दोरा काढला आणि आईच्या हातावर ठेवला. आईनं तो चष्म्याशी नेला नाही, नुसता अंगठा आणि बोटात फिरवला. एकदा. परत एकदा.

"याला दोन गाठी आहेत."

"दोन कशा? मी एकच मारली होती."

"एक तुझी," आई म्हणाली. "दुसरी यांची. डावखुऱ्या माणसाची गाठ उलटी बसते, पोरी. जन्मभर यांनी बांधलेली पार्सलं सोडवत आले मी. हे बोट खोटं बोलणार नाही."

ताईनं दोरा घेतला. भिंग लावलं. पहिली गाठ उजवीकडे वळलेली, घाईतली, तिची. आणि तिच्या शेजारी डावीकडे वळलेली दुसरी, नीट, घट्ट, जराही घाई न करता मारलेली...

बाबांनी तिचा कॅमेरा उघडला होता. बाबांनी पाहिलं होतं. बघितलं, मान्य आहे! म्हणूनच त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. आणि परत आल्यावर काही दिवसांनी खिडकीजवळची आपली खुर्ची त्यांनी झटकून पुढे केली होती, "आजपासून इथं तू बसायचंस" म्हणाले होते. ताईला वाटलं होतं ही शिक्षा, परीक्षा टाकलीस ना, बस आता दुकानात. ती शिक्षा नव्हती. ती त्यांची स्वतःची जागा होती, ज्यावर दुसऱ्या कुणाला त्यांनी कधी टेकूही दिलं नव्हतं. जो माणूस पोटात काही ठेवू शकत नाही असं सगळं घर म्हणायचं, त्यानं लेकीचं एवढं मोठं गुपित पोटात ठेवलं आणि तसाच निघून गेला.

ताई त्याच खुर्चीत बसून ओक्साबोक्शी रडली. बारक्या खाली तिच्या पायाशी बसला होता, आणि आई दोघांच्या डोक्यांवर आळीपाळीनं हात फिरवत होती, एकीकडे पुटपुटत होती, "मला नाही सांगितलं यांनी. बघा. मलासुद्धा नाही."

मग ताईनं पदराच्या ऐवजी कॅमेरा पुसायच्या फडक्यानं नाक पुसलं, आणि बारक्या म्हणाला, "हे बाबांनी बघितलं असतं तर दुकानातून काढलं असतं तुला."

"उठ," ताई म्हणाली. "काम पडलंय."

बोर्ड बारक्यानंच काढलं. ड्रॉवरच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचं रीळ अजून होतं, त्यानं एक दोरा आपल्या कॅमेऱ्यात रिकाम्या जागी बांधला, एक ताईच्या कॅमेऱ्यात, आणि दोन्ही ताईपुढे सरकवले. ताईनं भिंगातून पाहिलं आणि दोन्हीवर दुसरी गाठ मारली.

"प्लस कुठला गं यातला?" बारक्यानं वायर उचलली.

ताईनं त्याच्या हातावर चापट मारली. "तू वायरीला हात लावायचा नाहीस. जन्मात नाही."

तिनं स्वतः जोडलं. दोनदा तपासलं. लाकडी सेल आत सरकवला, काडी दाबून पाहिली, व्होल्टेजची कळ हळूहळू फिरवून आकड्यावर आणली, आणि बटण दाबलं. पापणी लवते तेवढा वेळ काही झालं नाही. मग छोटा हिरवा दिवा लागला, कॅमेऱ्याचं भिंग गुरगुरत बाहेर आलं, आणि पडद्यावर पहिला प्रश्न उमटला, आजची तारीख काय?

"झोपेतून उठलंय बिचारं," आई म्हणाली.

ताईनं तारीख भरली. फोटो बघायचं बटण दाबलं. आणि पडद्यावर, काडेपेटीएवढ्या त्या पडद्यावर, बाबा आले. पायरीवर बसलेले, उजव्या हातात चहाचा कप, डावा हात नुकता उचललेला, पण चेहऱ्यापर्यंत न पोचलेला. आणि ते थेट बघत होते. कॅमेऱ्याकडे नव्हे, कॅमेऱ्याच्या मागे जी होती तिच्याकडे... असं बघत होते की चेहरा लपवायचं राहूनच गेलं.

 आईनं भिंग डोळ्याला लावलं, काढलं, परत लावलं.

"रविवारी फोटोखाली तुझं नाव येणार," बारक्या म्हणाला. "फोटो कुणी काढला, ते. मोठ्या अक्षरात."

"बरं," ताई म्हणाली. नाही-नको केलं नाही. खूप वर्षांनी तिनं काहीतरी आपलं म्हणून घेतलं.

"आणि आता एक आमचा काढ. आईचा आणि माझा."

ताईनं कॅमेरा उचलला. किती हलका होता तो, किती ओळखीचा. बारक्या आईला धरून दारातल्या उजेडात घेऊन गेला, चांगला उजेड कुठे असतो हे त्याला बरोबर ठाऊक होतं. ताई दोन पावलं पुढे गेली आणि वायर ताणली गेली. टेबलावरचा सप्लाय सरकला.

"अगं ये ना पुढे," बारक्या म्हणाला.

"मला नाही येता येत," ताई म्हणाली, डोळा कॅमेऱ्याला लावून. "तुम्हीच या. वायर एवढीच आहे. अजून जवळ... अजून... हां. आता हलू नका."